मांसल कोंबड्यांच्या खाद्यात प्रोबायोटिक: कोणतं, कधी आणि किती?

पहाटफेरी

नमस्कार मंडळी,

मांसल कोंबड्या पाळायला लागून मला चार वर्षं झाली. गेल्या तीन लॉटमध्ये एकच त्रास पुन्हा पुन्हा होतोय. सतराव्या-अठराव्या दिवसापर्यंत सगळं झकास चालतं. मग एका पहाटे शेडमध्ये शिरावं तर पाण्याच्या लाइनीखालची गादी, म्हणजे जमिनीवर अंथरलेला भुसा, बुटाला चिकटायला लागते. दोन दिवसांत ओल शेडभर पसरते. विष्ठा पातळ, त्यात न पचलेले दाण्यांचे कण, मधूनच नारिंगी शेंबासारखा चिकट पदार्थ. मर फार नसते, पण पक्षी खातात तेवढं अंगाला लागत नाही आणि लॉट शेवटपर्यंत मागेच राहतो.

आधी मी अशा वेळी पाण्यातून प्रतिजैविक देत असे. चार दिवसांत गादी सुकायची, पण पुढच्या लॉटला पुन्हा तेच. मागच्या वर्षी ठरवलं की असं सरसकट औषध देणं बंद. हे मांस लोकांच्या घरात जातं, लहान मुलं खातात. जिवाणू औषधांना दाद देईनासे झाले तर त्यात माझाही वाटा असणार, आणि तो मला नकोय.

म्हणून मागच्या लॉटला प्रोबायोटिक, म्हणजे आतड्याला उपयोगी असे जिवंत जिवाणू, दिलं. काहीही फरक पडला नाही. ते निरुपयोगी आहे की माझं काही चुकलं, हे मला समजून घ्यायचंय. वापरणाऱ्यांनी आणि न वापरणाऱ्यांनीही सविस्तर लिहा.

---

पंखाखाली

मी पशुवैद्यक आहे. प्रोबायोटिकबद्दल लिहीनच, पण आधी एक विचारते: रक्ती हगवणीची, म्हणजे कॉक्सीडिया या आतड्यातल्या परजीवीची तपासणी केलीत का? तुम्ही सांगताय ते वय आणि तो नारिंगी शेंब, दोन्ही तिकडे बोट दाखवतात. प्रत्येक वेळी रक्त दिसतंच असं नाही. कॉक्सीडिया आतड्याचं अस्तर खरवडतो, त्या जखमांतून प्रथिनं आतड्यात झिरपतात आणि क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स या जिवाणूला आयतं अन्न मिळतं. तो वाढला की विष सोडतो आणि आतडं आतून सडायला लागतं. सौम्य प्रकारात पक्षी मरत नाहीत, फक्त वजन धरत नाहीत. तुमचं वर्णन मला तसंच वाटतंय.

त्रास सुरू होताच तीन-चार पक्षी पशुवैद्यकाकडून उघडून बघा. निरोगी आतडं गुलाबी आणि ताणलेलं असतं, कात्रीने उभं चिरलं की कडा आतल्या बाजूला वळतात. दुखणाईत आतडं पातळ, फुग्यासारखं, वायूने भरलेलं असतं, चिरलं की लोळागोळा होतं. हे एकदा डोळ्यांनी पाहिलंत की कायमचं ध्यानात राहील.

आता प्रोबायोटिक. ही कल्पना मला मनापासून आवडते, कारण तिच्या मुळाशी एक अगदी साधं निरीक्षण आहे. कोंबडी स्वतः अंडी उबवते तेव्हा पिल्लू आईच्या विष्ठेत, आईच्या पंखाखाली वाढतं आणि पहिल्याच दिवशी आईचे जिवाणू त्याच्या पोटात जातात. यंत्रातून निघालेलं पिल्लू आईला कधी पाहतच नाही. त्याचं आतडं म्हणजे मोकळं शेत. तिथे आधी जे पडेल ते उगवणार.

फिनलंडमध्ये १९७१ च्या सुमारास मांसल कोंबड्यांत साल्मोनेला या रोगकारक जिवाणूचा मोठा उद्रेक झाला होता. तिथल्या नुर्मी आणि रांताला या संशोधकांनी निरोगी प्रौढ कोंबड्यांच्या आतड्यातले जिवाणू नुकत्याच निघालेल्या पिल्लांना पाजले. अशा पिल्लांना साल्मोनेलाची लागण होणं फार अवघड झालं. १९७३ मध्ये 'नेचर'मध्ये त्यांचा लेख आला. जागा आधीच भरलेली असेल तर उपद्रवी जिवाणूला बसायला पाट मिळत नाही, एवढंच त्याचं सार. पुढे युरोपात वाढीसाठी खाद्यात प्रतिजैविकं घालणं थांबलं (स्वीडनने १९८६ मध्ये, संपूर्ण युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून) आणि मग या विषयाकडे सगळ्यांचंच लक्ष वळलं.

म्हणून माझा प्रश्न: तुम्ही कितव्या दिवशी सुरू केलंत?

---

पहाटफेरी

डॉक्टर, सोळाव्या दिवशी. त्रास अठराव्याला सुरू होतो, म्हणून दोन दिवस आधी. पाण्यातून, पाच दिवस. कॉक्सीडियाची तपासणी कधीच केली नाही. खाद्यात त्याचं औषध असतं म्हणून मी निश्चिंत होतो.

---

पंखाखाली

औषध असतं, पण एकच औषध लॉटमागून लॉट वापरलं की कॉक्सीडिया त्याला सरावतो. तो कार्यक्रम तपासणीनंतर बदलू.

सोळाव्या दिवसाबद्दल स्पष्टच बोलते. तोवर आतड्यात वस्ती झालेली असते, आंधळ्या आतड्यात तर एका ग्रॅमला हजारो कोटी जिवाणू असतात. त्या गर्दीत पाच दिवस थोडे पाहुणे पाठवून काय होणार? पहिला घास, पहिलं पाणी, तिथूनच सुरुवात हवी. काही ठिकाणी तर उबवणी केंद्रातच पिल्लांवर फवारतात, पिल्लं एकमेकांच्या अंगावरचे थेंब टिपून खातात.

---

गिरणीकर

मी खाद्य गिरणीत काम करतो. एक गोष्ट कोणी विचारलेली नाही: तुमचं खाद्य मॅश (नुसतं भरडलेलं) आहे की पेलेट (दाबून केलेल्या गोळ्या)?

पेलेट बनवताना खाद्य वाफेवर ७५ ते ८५ अंशांपर्यंत तापतं, काही गिरण्यांत त्याहून जास्त. प्रोबायोटिकमधला लॅक्टोबॅसिलस हा जिवाणू त्यात टिकत नाही. ज्या पेलेट खाद्यात साधा, आवरण नसलेला लॅक्टोबॅसिलस तापण्याआधी मिसळलाय, त्यात पक्ष्याच्या तोंडी जाईपर्यंत जिवंत असं फारसं उरत नाही. बॅसिलसचं वेगळं आहे. बॅसिलस सबटिलिस, लायकेनिफॉर्मिस, अमायलोलिक्वफेशियन्स हे बीजाणू बनवतात. बीजाणू म्हणजे टणक कवचातलं झोपलेलं बी. ते वाफेतून निघतं, पोटातल्या आम्लातून निघतं आणि आतड्यात पोचल्यावर जागं होतं. पेलेट खाद्यात मी बॅसिलसच सुचवतो. लॅक्टोबॅसिलस, पेडिओकॉकस, एंटेरोकॉकस किंवा यीस्ट द्यायचं असेल तर मॅशमध्ये, पाण्यातून, किंवा पेलेट थंड झाल्यावर वरून फवारून.

दुसरं, हिशोब. पुष्कळ लोक 'टनाला ५०० ग्रॅम' एवढंच बघतात. पण कशाचे ५०० ग्रॅम? समजा पाकिटावर लिहिलंय की एका ग्रॅममध्ये २०० कोटी जिवंत जिवाणू. ५०० ग्रॅममध्ये झाले १ लाख कोटी. टनात ग्रॅम १० लाख. म्हणजे खाद्याच्या प्रत्येक ग्रॅमला १० लाख. बहुतेक बॅसिलस उत्पादनांची मात्रा साधारण या पट्ट्यात येते. आता तेच पाकीट 'एका किलोत २०० कोटी' म्हणत असेल तर? खाद्याच्या ग्रॅमला फक्त १ हजार. आकडा तोच, छपाईत एका शब्दाचा फरक, आणि माल हजार पट पातळ. हे बारीक अक्षर भिंगाने वाचा.

तिसरं, मिसळणं. टनभर खाद्यात अर्धा किलो पावडर थेट ओतली तर ती एका कोपऱ्यात बसते. आधी ती ५ किलो खाद्यात हाताने कालवायची, ते ५ किलो मग ५० किलोत, आणि ते ५० मिक्सरमध्ये. दहा मिनिटांचं काम आहे, पण हेच टाळलं जातं.

---

पहाटफेरी

गिरणीकर, खाद्य पेलेट आहे. मी दिलं ते लॅक्टोबॅसिलस होतं, पण पाण्यातून, त्यामुळे उष्णतेचा प्रश्न आला नसावा.

तुमचं वाचता वाचता मात्र एकदम लख्ख प्रकाश पडला. माझ्या टाकीत क्लोरीन असतं. रोज सकाळी मीच घालतो. त्या पाच दिवसांतही घालत होतो. टाकीत पावडर टाकली, काठीने ढवळली, पाणी किंचित दुधाळ झालं आणि मी समाधानाने झाकण लावलं. जिवंत जिवाणू मी क्लोरीनच्या पाण्यात सोडत होतो. लस देताना क्लोरीन बंद ठेवायचं हे मला पक्कं ठाऊक आहे. तेच इथे सुचलं नाही, याचं फार वाईट वाटतंय.

---

पंखाखाली

वाईट वाटून घेऊ नका, ही चूक मी अनेक शेडवर पाहिलीय. पाण्यातून द्यायचं तर लशीसारखंच वागा: आदल्या दिवसापासून क्लोरीन बंद, हवं तर उरलंसुरलं क्लोरीन मारायला स्निग्धांश काढलेल्या दुधाची पावडर लिटरला अडीच ग्रॅमच्या आसपास, आणि दोन-चार तासांत संपेल एवढंच पाणी. नंतर लाइन खळखळून धुवायची. दुधाचे अंश पाइपात राहिले तर आतून बुळबुळीत थर धरतो आणि निप्पल (पक्षी चोच लावून पितात त्या तोट्या) गळायला लागतात. म्हणजे गादी सुकवायला गेलो आणि तीच भिजवून बसलो.

प्रतिजैविक चालू असताना प्रोबायोटिक देऊ नका. कोर्स संपल्यावर मात्र जरूर द्या. औषधाने वस्ती उठवलेली असते, जागा पुन्हा मोकळी झालेली असते.

---

नवखी_पाळणारी

मी यात अगदी नवीन आहे, पाचशे पिल्लांपासून सुरुवात करणार आहे. दोन प्रश्न. एक, प्रोबायोटिक फक्त पहिला आठवडा देऊन थांबवलं तर चालेल का? दोन, विकत घेण्याऐवजी खाद्य घरीच पाण्यात भिजवून आंबवलं तर त्यातही तेच जिवाणू तयार होतात ना?

---

सूक्ष्मदृष्टी

पहिल्याचं उत्तर: बॅसिलस आतड्यात घर करत नाही. तो जागा होतो, काम करतो आणि विष्ठेवाटे निघून जातो. कोंबडीचा अन्नमार्ग छोटा, घास काही तासांत पार होतो. म्हणून तो रोजच्या खाद्यात, अखेरपर्यंत हवा. कोंबडीच्याच आतड्यातून वेगळे केलेले लॅक्टोबॅसिलस काही काळ तग धरतात, पण त्यांचाही भरवसा धरू नये.

दुसऱ्याचं उत्तर थोडं लांब आहे. मी सूक्ष्मजीवांच्या प्रयोगशाळेत काम करते. नीट आंबलेल्या खाद्यात लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू भरपूर असतात, सामू ४ च्या आसपास उतरतो आणि त्या आंबटपणात साल्मोनेलासारखे जिवाणू वाढू शकत नाहीत. हे खरं आहे आणि चांगलं आहे. पण 'नीट' हा शब्द महत्त्वाचा. सामू पटकन उतरला नाही तर पहिले काही तास त्या कोमट, ओल्या खाद्यात सगळेच वाढतात, नको असलेलेही. पृष्ठभागावर बुरशी धरली तर तिची विषं खाद्यात उतरतात आणि ती उकळूनही जात नाहीत. शिवाय रोज कोणते जिवाणू आणि किती, हे तुम्हाला कळणार नाही. पाचशे पिल्लांसाठी करायचंच असेल तर रोज सामू मोजा, रोजचं रोज संपवा, भांडी घासून वाळवा. आंबट स्वच्छ वास यायला हवा. कुबट, सडका किंवा दारूसारखा वास आला तर ते पिल्लांना घालू नका.

सगळ्यांसाठी एक विनंती. पाकिटावर नुसतं 'बॅसिलस सबटिलिस' वाचून थांबू नका, पुढे वाणाचा क्रमांक आहे का ते बघा. एकाच जातीच्या दोन वाणांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. एक क्लॉस्ट्रिडियमला मारणारं द्रव्य बनवतो, दुसरा काहीच करत नाही. ज्या वाणावर कोंबड्यांत चाचणी झाली, तोच पाकिटात असायला हवा.

दुसरी बाजूही आहे. प्रतिजैविकं टाळण्यासाठी आपण हे वापरतो आणि त्याच जिवाणूच्या अंगात औषधाला दाद न देणारी जनुकं असतील, ती आतड्यातल्या दुसऱ्या जिवाणूंना देता येत असतील, तर आपणच घात केला. एंटेरोकॉकसच्या बाबतीत ही काळजी जास्त, आणि बॅसिलस सेरियसच्या गटात विष बनवणारे वाण असतात. म्हणून वाणाची अशी तपासणी झाली आहे का, हे विक्रेत्याला लेखी विचारा. मी स्वतः वाणाचं नावच न सांगणारं पाकीट शेडमध्ये येऊ देणार नाही.

---

तराजू

मी वेगळा सूर लावतो, राग मानू नका. मी तीन लॉट बॅसिलस वापरलं, पहिल्या दिवसापासून, खाद्यातून, नीट मिसळून. मला फरक दिसला नाही. चौथ्या लॉटला बंद केलं, तरी तेवढंच वजन आलं.

आणि ज्यांना फरक दिसला म्हणतात, ते मोजतात कसं? 'या वेळी लॉट चांगला गेला' हे मोजमाप नाही. पिल्लं वेगळी, हवा वेगळी, खाद्याचा घाणा वेगळा.

जरा आकडे मांडतो. २ किलो सरासरीच्या कळपात पक्ष्या-पक्ष्यात साधारण २०० ग्रॅमची तफावत सहज असते. त्यातले ५० पक्षी तोलले, तर निव्वळ कोणते हाताला लागले यावर सरासरी २८ ग्रॅम वर-खाली होऊ शकते. दोन बाजूंची तुलना करताना हा गोंधळ ४० ग्रॅमवर जातो. म्हणजे ३० ग्रॅमचा फरक दिसला तर तो प्रोबायोटिकचा की हाताला लागलेल्या नरांचा, हे देवालाच ठाऊक. आणि प्रोबायोटिककडून अपेक्षा असते ती अशाच छोट्या फरकाची.

---

पंखाखाली

@तराजू, तुमचा मुद्दा शंभर टक्के रास्त आहे. राग कसला, असं मोजणारे लोक कमी भेटतात.

तुम्हाला फरक का दिसला नसेल याचा माझा अंदाज सांगते. तुमची गादी कोरडी असते का? दोन लॉटमध्ये शेड पुरेसं रिकामं ठेवता का? अमोनिया डोळ्यांना झोंबतो का?

---

तराजू

गादी कोरडी असते, मूठ वळली तर ढेकूळ लगेच सुटतं. दोन आठवडे शेड रिकामं ठेवतो. अमोनिया नाही.

---

पंखाखाली

मग तिथेच उत्तर आहे. जिथे आतड्यावर ताण नाही तिथे प्रोबायोटिकला करायला काम उरत नाही. चाचण्यांचे निकाल एकमेकांशी जुळत नाहीत, त्याचं एक मोठं कारण हेच. ताण असेल तिथे, म्हणजे ओली गादी, दाटी, उन्हाचा कडाका, खाद्याचा बदल, किंवा सडक्या आतड्याचा इतिहास असेल तिथे परिणाम दिसण्याची शक्यता जास्त. तुम्ही हवा, पाणी आणि गादी सांभाळून तेच काम आधी केलंय. तुम्ही ते वापरू नका, असंच मी सांगेन.

@पहाटफेरी, पण म्हणून गळक्या निप्पलखाली पावडर टाकून चालणार नाही. तपासणी आधी.

---

गिरणीकर

छोट्या फरकाबद्दल एक भर. हजार पक्षी, सरासरी २ किलो, एकूण २,००० किलो वजन. एफसीआर (एक किलो वजनामागे लागलेलं खाद्य) १.६५ असेल तर खाद्य लागलं ३,३०० किलो. १.६२ झाला तर ३,२४०. वाचले ६० किलो. पावडरचा खर्च या ६० किलोच्या आत बसतो का, हा हिशोब प्रत्येकाने आपापल्या दराने करावा. डोळ्यांना हा फरक कधीच दिसणार नाही, वहीत मात्र दिसेल.

आणि कॉक्सीडियाचं औषध बदलताना एक लक्षात ठेवा. मोनेन्सिन, सॅलिनोमायसिन, नॅरासिन ही औषधं काही उपयोगी जिवाणूंनाही रोखतात. तुमचा वाण त्यांच्यासोबत टिकतो का, हे उत्पादकाकडून माहीत करून घ्या.

---

पहाटफेरी

सगळ्यांचे आभार. तपासणी करून घेतली. नवीन लॉट नव्हता, जुन्याच लॉटचे शेवटचे पक्षी होते, पण डॉक्टर म्हणाल्या तसंच निघालं: आतड्यात मधोमध कॉक्सीडियाचे डाग, भिंत पातळ, कात्रीने चिरल्यावर कडा वळल्याच नाहीत. माझ्या पशुवैद्यकांनी खाद्यातलं औषध बदलायला सांगितलंय. निप्पलची उंची आणि दाबही तपासला. अर्धी लाइन पक्ष्यांच्या पाठीच्या पातळीवर होती, त्यांना मान खाली घालून प्यावं लागत होतं आणि निम्मं पाणी गादीत सांडत होतं. वर घेतली.

पुढच्या लॉटला शेडच्या मधोमध जाळी लावून दोन भाग करतोय. औषध, पाणी, पिल्लं दोन्हीकडे सारखी. एका भागाच्या खाद्यात पहिल्या दिवसापासून बॅसिलस, दुसऱ्याच्या नाही. गिरणीतून पोती 'अ' आणि 'ब' अशा खुणांनी येतील, कुठलं कोणतं हे मला लॉट संपल्यावरच कळेल. तराजू, आणखी काही?

---

तराजू

हे वाचून फार बरं वाटलं. तीन गोष्टी. तोलताना पक्षी निवडू नका, कोपऱ्यात जाळी लावून तेवढ्यात सापडतील ते सगळे तोला, प्रत्येक भागातून शंभर तरी. मेलेल्या पक्ष्यांचं वजनही लिहा, नाहीतर एफसीआर खोटा येतो. आणि एका लॉटवर निकाल लावू नका. पंख्याच्या बाजूचा भाग नेहमीच थोडा बरा जातो. पुढच्या लॉटला बाजू बदला, मग पुन्हा बदला.

---

पहाटफेरी

आज बाविसावा दिवस. वजनं पस्तिसाव्या दिवशी तोलेन, तेव्हा इथेच लिहीन.

सध्या एवढंच: पहाटे फेरी मारली. दोन्ही भागांतली गादी गेल्या तीन लॉटपेक्षा कोरडी आहे. म्हणजे बराचसा फरक औषध बदलल्याचा आणि निप्पलच्या उंचीचा असणार. पण 'ब' भागात लाइनीखाली हात घातला तर थोडी ओल लागते, 'अ' भागात लागत नाही. नारिंगी शेंब 'ब' मध्ये दोन ठिकाणी दिसला, 'अ' मध्ये शोधूनही सापडला नाही. पंखा 'अ' च्या बाजूला आहे, हेही लिहून ठेवतो.

---

नवखी_पाळणारी

माझी पिल्लं पुढच्या आठवड्यात येतायत. निप्पलची उंची कशी ठरवायची ते सांगाल का?

---

पहाटफेरी

पहिले दोन-तीन दिवस पिल्लाच्या डोळ्याच्या पातळीला. नंतर रोज थोडी वर, इतकी की पक्षी पाय न उचलता मान वर ताणून पिईल आणि थेंब सरळ चोचीत पडेल. संध्याकाळी लाइनीखाली उकिडवं बसून बघा, गादीवर ठिपके दिसले तर आणखी बोटभर वर घ्या.